‘विचर ४’ची वाट बघायची रीत

माझं इचलकरंजीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी याच गाळ्यात २००३ ते २०११ नेट कॅफे होता. सहा मशीन, तासाला वीस रुपये, आणि वर्षभर काउंटर-स्ट्राइकची बोंबाबोंब. तेव्हाची पोरं आता बाप झाली, पण काउंटरवर कोपर टेकून विचारायची तऱ्हा तीच. हल्लीचा प्रश्न ठरलेला आहे: “दादा, विचर ४ माझ्या मशीनवर चालंल काय?” गेम हातात नाही, त्याला काय काय लागणार याचा कागद नाही, आणि गडी ग्राफिक्स कार्डाचा हप्ता बांधायला निघालेला.

त्यांना तोंडी जे सांगतो तेच इथं लिहितोय. मोठ्या ओपन-वर्ल्ड (म्हणजे मोकळ्या जगात हवं तिकडं हिंडायच्या) रोल-प्लेइंग (म्हणजे एका पात्राची भूमिका घ्यायच्या) गेमची वाट बघणं हे चार-चार वर्षं चालणारं काम आहे. ते अंदाधुंद केलं तर गेम येईपर्यंत माणूस रागावून, दमून बसलेला असतो. मी ते एका शंभरपानी वहीत करतो.

वही सुरू झाली ती एका फजितीतून. काही वर्षांपूर्वी मी एका गेमची आगाऊ नोंदणी केली. गेमचं नाव घेत नाही, दुकानाचंही नाही. खोका आला. त्यात कापडी नकाशा, स्टिकर, एक छोटी बाहुली आणि डिस्क. डिस्क घातली तर ती नुसती नावाला, खरा गेम नेटवरून उतरवायचा. तीन रात्री त्यात गेल्या. चौथ्या रात्री पहिल्याच मोहिमेत एक दार उघडेना. बंद करून पुन्हा सुरू केलं, तरी उघडेना. बायको पाण्याचा तांब्या ठेवायला आली, स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणाली, “आतनं कडी असंल.”

त्या रात्री झोप आली नाही. या लोकांनी आपल्याला काय काय कबूल केलं होतं ते रागानं कागदावर उतरवून काढलं. एकवीस गोष्टी भरल्या. मग दुसऱ्या दिवशी जुने व्हिडिओ काढून एकेक पडताळत बसलो, तर त्यांतल्या नऊच गोष्टी त्यांनी सांगितलेल्या निघाल्या. बाकीच्या बारा मी गोळा केल्या होत्या, कुणा यूट्यूबवाल्याच्या अंदाजावरून, मित्राच्या फुशारकीवरून आणि बऱ्याचशा माझ्या स्वतःच्या हौसेवरून. दार न उघडणं हा त्यांचा गुन्हा होता, त्याला माफी नाही. पण बारा गोष्टींचं खापर मी उगाच त्यांच्या डोक्यावर फोडत होतो.

वही आखायची कशी

पान आडवं धरा आणि चार रकाने पाडा: ‘दाखवलं’, ‘बोलले’, ‘मला हवंय’, ‘धास्ती’. प्रत्येक नोंदीला तारीख टाका. पेन शाईचं. अफवा, फुटलेली माहिती, ‘आतल्या गोटातून कळलंय’ असला सगळा माल वहीच्या शेवटच्या पानावर, पेन्सिलीनं. मोबाइलमध्ये लिहू नका. मोबाइलमधलं खोडलं की दिसत नाही, आणि आपण आधी काय म्हणालो होतो ते माणूस सोयीनं बदलतो. वहीत काट मारली तरी खालचं वाचता येतं.

चार रकान्यांत सगळ्यात अवघड पहिला. तो भरताना हात आखडता ठेवायचा असतो, आणि ट्रेलर बघून तर डोकं तापलेलं असतं.

माझ्या वहीत ‘विचर ४’ची पहिली नोंद मार्च २०२२ची आहे. त्या दिवशी एक चित्र आलं: बर्फात अर्धं गाडलेलं पदक, आणि नव्या मालिकेची घोषणा. ‘दाखवलं’च्या रकान्यात मी एकच शब्द लिहिलाय, ‘पदक’. पोलंडची सीडी प्रोजेक्ट रेड ही कंपनी स्वतःचं रेडइंजिन सोडून एपिक या कंपनीच्या अनरिअल इंजिन ५ वर जाणार, हेही तेव्हाच कळलं. इंजिन म्हणजे गेम ज्यावर बांधतात ते सॉफ्टवेअर. ते ‘बोलले’मध्ये गेलं.

दुसरी नोंद १३ डिसेंबर २०२४, शुक्रवार. अमेरिकेत आदल्या संध्याकाळी गेम अवॉर्ड्सचा सोहळा, आपल्याकडं सकाळ. शटर अर्धं वर करून भाचा आणि मी स्टुलावर मोबाइल टेकवून बसलो. ट्रेलर सहा मिनिटांच्या आसपास. जंगलातल्या राक्षसाला मुलगी बळी द्यायची रीत असलेलं एक गाव, आणि त्या मुलीला सोडवायला गेलेली सिरी. मागच्या गेमचा नायक, पैसे घेऊन राक्षस मारणारा विचर गेराल्ट नाही, त्यानं लेकीसारखी वाढवलेली सिरी. राक्षसाचं नाव बाउक. हा सर्बियाच्या लोककथांतला, पोरांना ज्याचा धाक घालतात तो; म्हणजे तिकडचा बागुलबुवाच म्हणायचा. सिरी त्याला मारून परत येते, तोवर गावकऱ्यांनीच त्या मुलीचा निकाल लावलेला असतो. भाचा गप्प झाला होता. दोन मिनिटांनी भानावर आला आणि सुरू झाला, “मामा, साखळीनं लढता येणार, हातातनं जादू सोडता येणार, गावंच्या गावं अशी दिसणार…”

मी ट्रेलर मागं नेला आणि सुरुवातीचा बारीक मजकूर त्याला मोठ्यानं वाचायला लावला. त्यात सरळ लिहिलंय की हे आधी रेंडर केलेलं दृश्य आहे, अनरिअल इंजिन ५च्या खास आवृत्तीत, तोवर जाहीरही न झालेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ग्राफिक्स कार्डावर. म्हणजे हा सिनेमा आहे. आपण बटण दाबल्यावर असं होईल असं त्यात कुणी म्हटलेलं नाही. मग ‘दाखवलं’मध्ये काय लिहायचं? सिरी, तिचे मांजरासारखे डोळे, साखळी, बाउक, गाव. संपलं. ‘साखळीनं लढता येणार’ हे तिसऱ्या रकान्यात, ‘मला हवंय’ म्हणून.

तिसरी नोंद ३ जून २०२५. ऑर्लँडोत अनरिअलच्या कार्यक्रमात डेमो दाखवला. कोविर नावाचा उत्तरेकडचा प्रदेश, वाल्ड्रेस्ट हे बंदराचं गाव, सिरीची घोडी केल्पी, बाजारातली गर्दी. साध्या प्लेस्टेशन ५ वर, सेकंदाला ६० फ्रेम, रे ट्रेसिंगसकट (उजेड-सावली खऱ्यासारखी दाखवायचं तंत्र). घोडीच्या कातडीखाली स्नायू हलताना दिसतात, ते मी चार वेळा मागंपुढं करून बघितलं. पण कंपनीनं तिथंही स्पष्ट केलं की ही तंत्राची चाचणी आहे, गेममधला खेळायचा भाग नव्हे. हेही शाईनं लिहा, कारण सहा महिन्यांनी कट्ट्यावर कुणीतरी छातीठोकपणे सांगणार की ‘गेमप्ले तर बघितलाय की आपण’.

ट्रेलर समोर आला की मी तीन गोष्टी बघतो. कोपऱ्यात नकाशा, रक्ताची पट्टी, बाणांची संख्या असलं काही आहे का? कॅमेरा माणसाच्या अंगठ्यानं फिरतोय तसा थोडा चुकत, अडखळत फिरतोय, की रुळावर बसवल्यासारखा? आणि कुठल्या मशीनवर चाललंय ते लिहिलंय का? कोपऱ्यात काही नाही, कॅमेरा रुळावरचा आणि मशीनचं नाव नाही, असं असेल तर ते दृश्य डोळे भरून बघावं, वहीत मात्र एका ओळीच्या वर जाऊ देऊ नये.

याच कंपनीच्या जुन्या हिशेबावरून हा शहाणपणा शिकलोय. ‘विचर ३’चा २०१३चा ट्रेलर आणि मे २०१५मध्ये हातात आलेला गेम शेजारीशेजारी लावा, धूर, पाणी, उजेड यांत फरक दिसतो. तेव्हा त्यावरून रान पेटलं होतं आणि कंपनीनं फरक आहे हे कबूलही केलं. तरी तो गेम अप्रतिम निघाला, आणि हे दोन्ही एकदम खरं असू शकतं. ‘सायबरपंक २०७७’चा ४८ मिनिटांचा डेमो ऑगस्ट २०१८मध्ये आला. हे काम अजून चालू आहे, यातलं काहीही बदलू शकतं, अशी सूचना त्यात स्क्रीनवरच होती. वाचली कुणी? त्यातलं भिंतीवर चढणं पुढं वगळलं गेलं. ट्रेलरमधल्या मेट्रोत बसायची सोय १० डिसेंबर २०२०ला गेम आला तेव्हा नव्हती. ती डिसेंबर २०२३मधल्या २.१ अपडेटनं आली. ज्यानं ‘मेट्रो’ हा शब्द शाईनं तारखेसकट लिहून ठेवला होता, त्याला तीन वर्षांनी बरोबरची खूण करता आली.

तारखा ‘बोलले’मध्ये, त्याही पेन्सिलीनं

रकान्यांतलं बाकी सगळं शाईनं, गेम येण्याच्या तारखा तेवढ्या पेन्सिलीनं. ‘विचर ३’ आधी २०१४च्या अखेरीस यायचा होता, मग २४ फेब्रुवारी २०१५ झाली, शेवटी १९ मे २०१५ला आला. ‘सायबरपंक’ची १६ एप्रिल २०२०, मग १७ सप्टेंबर, मग १९ नोव्हेंबर, मग १० डिसेंबर. त्यातली मजा अशी की ५ ऑक्टोबरला ‘गेम तयार झाला, छपाईला गेला’ असं जाहीर झालं, लोकांनी रजेचे अर्ज टाकले, आणि २७ ऑक्टोबरला पुन्हा तारीख ढकलली. माझ्या एका गिऱ्हाइकानं ऑफिसात आजीचं आजारपण सांगून रजा घेतली होती. तारीख हलल्यावर आजीला पुन्हा आजारी पाडायची वेळ आली.

‘विचर ४’बद्दल मार्च २०२५मध्ये कंपनीनं गुंतवणूकदारांना सांगितलं की २०२६ संपायच्या आत गेम येणार नाही. हे वाक्य नीट वाचा. ‘२०२७मध्ये येणार’ असं त्यात कुठंही नाही. लोकांनी मात्र दुसऱ्याच दिवशी २०२७ धरलं, कुणी तर महिनाही सांगू लागलं. पूर्ण जोरात काम नोव्हेंबर २०२४मध्ये सुरू झालं, तेव्हा चारशेहून जास्त माणसं त्यावर होती, हे ‘बोलले’मध्ये लिहिण्यासारखं आहे. त्यावरून तुम्हाला जो काय अंदाज बांधायचा तो बांधा, पण स्वतःच्या रकान्यात.

उशीर झाला म्हणून मी आता चिडत नाही. चिडायची वेळ त्यांनी उशीर करायला हवा होता आणि केला नाही तेव्हाची. सायबरपंक आला त्यानंतर आठवड्याभरात सोनीनं तो आपल्या प्लेस्टेशन स्टोअरवरून काढून टाकला आणि गिऱ्हाइकांना पैसे परत दिले. परत यायला २१ जून २०२१ उजाडलं. आणखी सहा महिने थांबले असते तर शिव्या कमी आणि नाव जास्त मिळालं असतं, असं माझं मत.

‘मला हवंय’ बारीक लिहा

इथं बहुतेक जण चुकतात. पोरं लिहितात: ‘स्टोरी भारी पाहिजे’, ‘ग्राफिक्स कडक’, ‘जग मोठं’. याला खूण कशी करणार? गेम आल्यावर बरोबर की चूक ठरवता येईल इतकं बारीक लिहायला हवं, आणि त्यासाठी आधीच्या गेममध्ये आपल्याला नेमकं काय भावलं ते आठवायला हवं.

माझं सांगतो. ‘विचर ३’मध्ये व्हेलेन नावाचा दलदलीचा, भुकेकंगाल मुलूख आहे. तिथला एक सरदार, लोक त्याला ब्लडी बॅरन म्हणतात. दारुडा, बायकोला मारझोड करणारा. बायको आणि मुलगी दोघी पळून गेलेल्या. त्यांचा माग काढताना कळतं की बायकोचं मूल पोटातच गेलं, आणि ते नीट संस्कार न करता पुरल्यामुळं पिशाच्च होऊन फिरतंय. आता दोन वाटा. तलवार काढायची, नाहीतर बॅरनलाच त्या अर्भकाला हातावर घेऊन, पावसापाण्यात, रात्रीतून वाड्यापर्यंत चालत यायला लावायचं, त्याला नाव द्यायला लावायचं आणि घराच्या उंबरठ्याखाली पुरायचं. मी रात्री दीड वाजता ते खेळत होतो. अधूनमधून ते पोर वळवळतं, बॅरन थबकतो, आपण मंत्र टाकून त्याला शांत करायचं आणि पुढं चालायचं. गेममध्ये त्या वेळी लढाई अशी जवळजवळ काहीच नाही. एक नालायक बाप, त्याच्या हातावरचं ओझं आणि ‘उंबरठा’ हा शब्द. आमच्याकडं उंबरठ्यावर बसू नये म्हणतात ते मला त्या रात्री पहिल्यांदा अंगावर आलं.

म्हणून माझ्या रकान्यात असं लिहिलंय: ‘निदान एक मोहीम अशी हवी की तलवार न काढता ती संपवायची जास्त अवघड वाट असेल.’ याला खूण करता येते. दुसरं: ‘गावच्या विहिरीवर, शेतात, गोठ्यात घडणाऱ्या छोट्या गोष्टी हव्यात.’ मागच्या गेमच्या सुरुवातीलाच ओसाड गावातल्या विहिरीवर भर दुपारी दिसणारं एका बाईचं पिशाच्च आहे. पोलंडच्या लोककथांत शेतावर दुपारच्या उन्हात फिरणारी अशी बाई आहे. आपल्याकडं ‘भर बारा वाजता विहिरीकडं जाऊ नको’ हे ऐकत वाढलेल्या माणसाला ती कळायला ट्यूशन लागत नाही. तिसरं: ‘चुकीच्या निर्णयाचं फळ लगेच नको, दहा तासांनी मिळावं, मी विसरल्यावर.’

आणि एक बारकी, वयाची मागणी: ‘अक्षरं मोठी.’ ‘विचर ३’ आला तेव्हा टीव्हीवर खेळणाऱ्यांना मजकूर वाचता येईना, इतका बारीक. मग अपडेटमधून मोठ्या अक्षरांची सोय आली. चाळिशीचा चष्मा लागल्यापासून माझ्या यादीत ही मागणी ग्राफिक्सच्या वर गेलीय.

पाचच्या पुढं मागण्या लिहू नका. सहावी सुचली तर आधीच्यांतली एक काटा.

धास्ती वेगळी करून बघा

धास्तीचं पान भराभर भरतं. भरल्यावर प्रत्येकीसमोर एक खूण करा: यावर मला काही करता येतं का?

गेम अडखळण्याची धास्ती रास्त आहे. अनरिअल इंजिन ५ वरच्या बऱ्याच पीसी गेममध्ये नवा परिसर लोड होताना किंवा नवं दृश्य पहिल्यांदा समोर येताना चित्र क्षणभर अडकतं. शेडर नावाचे छोटे प्रोग्राम तुमच्या कार्डासाठी आयत्या वेळी तयार होत असतात. पंगत बसल्यावर पीठ मळायला घेतल्यासारखं. ओपन-वर्ल्डमध्ये घोडा फेकला की परिसर सतत बदलतो, त्यामुळं तिथं ते जास्त बोचतं. एपिक आणि ही कंपनी मिळून याच दुखण्यावर काम करताहेत, जूनचा डेमोही त्याच कामाचा भाग होता. यावर आपल्याला आज काही करता येत नाही. गेम आल्यावर पहिल्या आठवड्यात तुमच्याच कार्डावरचे व्हिडिओ बघा, एवढंच.

एक्सबॉक्स सिरीज एस असलेल्यांची धास्ती त्याहून जास्त रास्त आहे. त्या छोट्या यंत्रावर ६० फ्रेम गाठणं फार कठीण जाईल, असं कंपनीच्या तंत्रप्रमुखांनीच बोलून दाखवलंय. ती नोंद ‘बोलले’मध्ये शाईनं.

नकाशा फुगण्याची धास्ती माझी सगळ्यात मोठी. ‘विचर ३’मध्ये स्केलिगे नावाची बेटं आहेत, आणि नकाशावर त्या समुद्रात ढीगभर प्रश्नचिन्हं, म्हणजे न बघितलेल्या जागांच्या खुणा. होडी घेऊन जायचं, वरून जलपऱ्या झडप घालणार, पाण्यातली पिंपं फोडायची, त्यात कुणाला नको असलेली तलवार. मी ती सगळी पुरी केली, पावसाळ्याचे तीन शनिवार घालवून, आणि त्यातली एक गोष्ट आज आठवत नाही. बॅरनची रात्र मात्र पावलापावलानं आठवते. म्हणून ‘जग आधीपेक्षा इतकं पट मोठं’ असं कुणी अभिमानानं सांगितलं की मी ते धास्तीच्या रकान्यात लिहितो. यावर मात्र आपल्याला करता येतं: सेटिंगमध्ये जाऊन प्रश्नचिन्हं बंद करायची, आणि गावात कुणी सांगितलं तरच तिकडं जायचं. ‘विचर ३’ असा पुन्हा खेळून बघा, वेगळाच गेम वाटतो.

जुनी माणसं गेली, ही एक धास्ती. ‘विचर ३’चे दिग्दर्शक कोनराड तोमाश्केविच बाहेर पडून त्यांनी २०२२मध्ये रिबेल वुल्व्ज ही कंपनी काढली, ‘द ब्लड ऑफ डॉनवॉकर’ हा त्यांचा स्वतःचा ओपन-वर्ल्ड गेम. नव्या विचरचे दिग्दर्शक सेबास्टियन कालेम्बा. मला याची फार चिंता नाही. उलट वाट बघायला दोन गेम मिळाले. त्या दुसऱ्याचं पानही मी वहीत वेगळं आखलंय.

सिरीच्या बाबतीत दोन प्रकारची माणसं भेटतात. एक विचारतात की मागच्या गेमच्या शेवटी तिच्याकडं एवढी शक्ती होती, इथून तिथं क्षणात जायची, मग आता ती साखळी घेऊन कशाला झुंजतेय? आणि विचर बनायची ती विषारी औषधांची परीक्षा तर पोरांचीच असायची, ही त्यातून गेली कशी? परीक्षा झाली हे कंपनीनं सांगितलंय. कशी झाली हे कथेनं पटवून द्यायचंय. हे प्रश्न गेमचे आहेत, लिहून ठेवा. दुसरी माणसं तिच्या चेहऱ्यावरून भांडतात. त्यांना मी चहा पाजतो आणि विषय बदलतो.

पैसे आणि मशीन

आता मूळ प्रश्न, चालंल काय.

मागच्या महिन्यात एक पोरगा मशीन घेऊन आला. “कार्ड बदलायचंय, गेम अडकतोय.” मी कॅबिनेट उघडलं. इचलकरंजीत कॅबिनेट उघडणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळणार नाही. घराशेजारी माग असला की कापसाची बारीक पिंज हवेत असतेच. ती पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटींत बसते आणि धूळ मिळून तिचा चक्क नमदा होतो. ह्याच्या कार्डावर बोटभर थर होता. ब्लोअर मारला, ब्रश फिरवला, जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. आधी खेळताना ८७ अंशांवर जाणारं कार्ड ७१वर थांबलं. गेम अडकायचा बंद झाला. तीनशे रुपये झाले. तो म्हणाला, “मग कार्ड?” म्हटलं, जा घरी.

तर क्रम असा. आधी साफसफाई. मग हार्ड डिस्क असेल तर एसएसडी, कारण त्यात पैसे वाया जात नाहीत. सायबरपंकनंही २०२३मध्ये आपल्या किमान गरजांतून हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली. रॅम ८ जीबी असेल तर १६ करा, रोजच्या वापरालाही बरं. ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लायला मात्र हात लावू नका. गेमची तारीख आणि गरजांची यादी दोन्ही आल्याशिवाय घेतलेलं कार्ड म्हणजे लग्न ठरायच्या आधी शिवलेला सूट. ‘विचर ३’ला २०१५मध्ये किमान जीटीएक्स ६६० आणि ६ जीबी रॅम पुरत होती. हे वाचून हसू येतं ना? आज घेतलेल्या कार्डाचंही तसंच होतं, फक्त हप्ते चालू असताना.

आगाऊ नोंदणी करू नका. डिजिटल गेमचा साठा संपत नाही, मग रांगेत पहिलं उभं राहून मिळतं काय? घोड्याचं एखादं खोगीर. राहवलंच नाही तर निदान स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात घ्या. तिथं खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात, आणि आगाऊ घेतलेल्या गेमला ते चौदा दिवस गेम आल्यापासून मोजतात. ते दोन तास सुरुवातीची दृश्यं बघत घालवू नका. गेम सुरू केल्यावर शेडर तयार होण्यात जाणारा वेळही त्यातच धरला जातो. भरभर पुढं जा, दाट वस्तीचं गाव गाठा, घोड्यावरून गल्लीगल्लीतून हिंडा, पाऊस पडू द्या, चार जणांशी एकदम लढा. मशीन रडणार असेल तर तिथं रडेल. मग ठरवा.

उतरवायचा हिशेबही आधी करा. १०० जीबीचा गेम धरला तर ४० एमबीपीएसच्या लाइनवर साडेपाच तास, तेही वेग एकसारखा मिळाला तर. पहिल्या रात्री तो मिळत नाही. आणि राउटरला छोटा यूपीएस लावा. लाइट गेली की लॅपटॉप चालू राहतो आणि नेट मरतं, हा आमच्याकडचा नेहमीचा विनोद.

मधल्या काळात

‘विचर ३’ खेळला नसेल तर आता खेळा, सेलमध्ये किरकोळ भावात मिळतो. खेळून झाला असेल तर पुन्हा खेळा, पण या वेळी सिरीकडं लक्ष ठेवून. शेवटाकडं तिच्याशी वागायचे चार-पाच प्रसंग आहेत, अगदी साधे: बर्फाचे गोळे फेकायचे की समजूत घालायची, सोबत जायचं की एकटीला जाऊ द्यायचं. त्यांवरच तिचं पुढं काय होतं ते ठरतं. पहिल्या वेळी मी बापासारखा वागलो, म्हणजे सारखं संरक्षण करत बसलो, आणि वाईट शेवट पदरात पडला. माझी पोरगी तेव्हा सातवीत होती. यापुढं लिहीत नाही.

सेव्ह फाइल, म्हणजे आपला खेळ साठवलेली फाइल, जपून ठेवा. ‘विचर ३’नं ‘विचर २’ची फाइल वाचली होती, ज्यांच्याकडं नव्हती त्यांना गेममध्ये दाढी केल्यावर एक सेनापती येऊन मागच्या घडामोडींचे प्रश्न विचारायचा. माझी फाइल दोन पेन ड्राइव्हवर आहे, एक दुकानात आणि एक घरी, देवघराच्या खालच्या कप्प्यात रेशनकार्डाशेजारी.

सायबरपंक तेव्हा रागानं सोडला असेल तर आता बघायला हरकत नाही. सप्टेंबर २०२३मधलं २.० अपडेट आणि ‘फँटम लिबर्टी’ हा जोडभाग यांनंतर तो खरोखर सुधारलाय. माझ्या वहीतल्या त्याच्या पानावर काट मारलेल्या ओळींशेजारी नंतरच्या तारखेच्या बरोबरच्या खुणा आहेत.

परवा भाचा दुकानात आला तेव्हा वही काउंटरवर उघडीच होती. त्यानं मला न विचारता पेन उचललं आणि ‘मला हवंय’मध्ये लिहिलं: ‘घोडी छपरावर चढली पाहिजे.’ मागच्या गेममध्ये शीळ घातली की गेराल्टची घोडी रोच कधीकधी घराच्या कौलांवर उभी असायची, तो प्रकार. मी ती ओळ काटून ‘धास्ती’मध्ये घातली. त्यानं ती तिथून काटून पुन्हा इकडं आणली आणि शेजारी तारीख टाकली.